पँगाँग फक्त मे महिन्यातच? कोणी सांगितलं?

मार्च उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो : ‘लडाखचा पँगाँग त्सो तलाव बघायचा तर मे महिन्यातच. तेव्हा झाडांना पालवी असते, म्हणून ऑक्सिजन भरपूर. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने सगळं बंद. सप्टेंबरपासून तलाव गोठतो.’ यात एक गोष्ट अर्धी खरी आहे. बाकी सगळं ऐकीव.

आधी ऑक्सिजन, कारण हे जिवावर बेतू शकतं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण दादरला आणि पँगाँगला सारखंच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. तलाव ४,२०० मीटरहून उंच आहे. तिथे दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरतो, म्हणून दर श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. पालवी फुटो नाहीतर पानगळ होवो, त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो लेहमध्ये किती रात्री काढल्या त्याने. लेह ३,५०० मीटरवर. तिथे विमानाने उतरायचं आणि दुसऱ्याच सकाळी ५,३०० मीटरच्या वरची चांग ला खिंड ओलांडायची, मग डोकं धरून उलट्या करायच्या आणि खापर फोडायचं ते महिन्यावर! दोन रात्री लेहमध्ये गुपचूप आराम करा. महिना कुठलाही असो.

पावसाचं म्हणणं अर्धं खरं. लेहला वर्षभरात मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात तेवढा पडला तर कोणी छत्रीही बदलत नाही. पण ऑगस्ट २०१० ची लेहची ढगफुटी विसरून चालणार नाही, आणि मनालीकडून गाडीने जाणार असाल तर वाटेतल्या हिमाचलात दरडींची भीती असतेच. विमानाने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : भर उन्हाळ्यात दुपारनंतर बर्फ वितळून ओढे फुगतात. पँगाँगच्या वाटेवरच्या एका ओढ्याचं नावच पागल नाला आहे. सकाळी लवकर निघा.

सप्टेंबरात तलाव गोठतो हे तर साफ चूक. खारं पाणी आणि १३० किलोमीटरहून लांब पसारा. तो गोठतो भर हिवाळ्यात. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच बर्फावर २१ किलोमीटरची शर्यत झाली होती.

मला विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा. आकाश धुतल्यासारखं, गर्दी ओसरलेली, गावागावांत जवाची कापणी. मे महिन्याचा खरा गुण एकच, मुलांना सुट्टी असते. तसं सरळ लिहा ना, ऑक्सिजनला कशाला मध्ये आणता? आणि दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणाल, तर तेव्हाही पाणी निळंच असतं, पण रात्री बादलीतलं गोठतं. आजी-आजोबांना तेवढं नेऊ नका.