‘नागपूरच्या उन्हाळ्यात एएमडी टिकत नाही’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

धंतोली किंवा सीताबर्डीच्या दुकानांत नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन मागायला निघालेल्या अनेकांच्या फोनवर इंटेल आणि एएमडी या कंपन्यांच्या दोन प्रोसेसरची तुलना करणारा एक मजकूर आधीच पोचलेला असतो. त्याचा गोषवारा असा: ‘कोअर आय५ १४४००एफमध्ये दहा कोअर, रायझन ५ ७६००मध्ये सहाच, म्हणजे इंटेल दीडपटीहून वेगवान. शिवाय चौदाव्या पिढीचं, म्हणजे एकदम नवं. दोन्ही ६५ वॅटचे, त्यामुळे वीज सारखीच लागते. एएमडी ९५ अंशांवर जातं, नागपूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. इंटेल स्वस्त पडतं. गेमिंग असो की व्हिडिओ एडिटिंग, डोळे झाकून १४४००एफ घ्या.’

यातले बहुतेक आकडे खरे आहेत, म्हणूनच मजकूर पटतो. चुकलेत ते त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष.

आधी कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांचा हिशोब. १४४००एफचे दहाही कोअर सारखे नाहीत. सहा मोठे आहेत, ते ४.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातात आणि प्रत्येकी दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी दोन कामं, चालवतात. उरलेले चार छोटे, ३.५ गिगाहर्ट्‌झपर्यंतचे, एकेका थ्रेडचे. ७६००चे सहाही कोअर मोठे, ५.१ गिगाहर्ट्‌झपर्यंतचे. म्हणजे तुलना १६ थ्रेड विरुद्ध १२ थ्रेड अशी आहे, आणि त्या १६ मधले चार कमी दमाचे. सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मल्टिकोअर चाचणीत ७६०० साधारण १४ हजार गुणांच्या घरात राहतो, तर १४४०० विजेची मर्यादा मोकळी ठेवल्यास १६ हजारांच्या आसपास पोचतो. फरक खरा आहे, पण तो दहा-पंधरा टक्क्यांचा. ६६ टक्क्यांचा नव्हे. रेंडरिंग, मोठ्या फाइली झिप करणं, कोड कंपाइल करणं अशा सगळे कोअर लागणाऱ्या कामांत तो दिसेल. गेममध्ये चित्र उलटतं. तिथं एकेका कोअरचा वेग आणि कॅशे (चिपच्या आतली जलद मेमरी) मोलाचा, आणि एल३ कॅशे ७६००ला ३२ एमबी, १४४००एफला २०. ग्राफिक्स कार्ड तगडं असेल आणि १०८०पी (फुल एचडी) स्क्रीनवर खेळत असाल, तर बहुतेक गेममध्ये ७६०० पुढे राहतो. कार्ड मध्यम असेल किंवा त्याहून बारीक १४४०पी स्क्रीनवर खेळणार असाल, तर कार्डच आधी दमतं आणि दोघांतला फरक जवळपास पुसला जातो.

‘चौदावी पिढी’ हे नाव फसवं आहे. १४४०० बाजारात आला जानेवारी २०२४ मध्ये, पण त्याचा एल२ कॅशे, म्हणजे कोअरच्या अगदी जवळचा कॅशे, पाहा: ९.५ एमबी. सहा मोठ्या कोअरना प्रत्येकी १.२५ म्हणजे ७.५, आणि चार छोट्यांच्या गटाला मिळून २. ही वाटणी बाराव्या पिढीची आहे. तेराव्या पिढीच्या वरच्या चिपमध्ये मोठ्या कोअरला प्रत्येकी २ एमबी मिळाले. १४४००ला ते मिळालेले नाहीत. डब्यावरचा आकडा नवा, आतली रचना जुनी. चिप त्यामुळे वाईट ठरत नाही, पण ‘नवं म्हणून घ्या’ हे कारण इथं लागू पडत नाही.

आता उन्हाळ्याचा मुद्दा. याच्यावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे लोकांना भीती वाटते ती याचीच.

तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटलेल्या उदबत्तीचं टोक चुलीवरच्या उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं, पण स्वयंपाकघर तापतं ते चुलीनं. ७६००चे कोअर ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर आहेत, तो जेमतेम ७१ चौरस मिलिमीटरचा. एवढ्या जागेतून उष्णता बाहेर काढायची, तीही एएम५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा) चिपवरच्या जाड धातूच्या झाकणातून. म्हणून सेन्सरवरचा आकडा चढा दिसतो. ९५ अंश ही एएमडीने ठरवलेली मर्यादा आहे. तिथं पोचल्यावर चिप स्वतःच वेग थोडा कमी करते. इंटेलचीही मर्यादा आहे, १०० अंश. मजकुरात ती दिलेलीच नाही.

हीटसिंक-पंखा चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. (प्रोसेसरवरच्या कूलरला इथं हीटसिंक-पंखाच म्हणू, नागपुरात कूलर म्हणजे खिडकीतला.) खोली २५ अंशांवर असताना एखाद्या कामात चिप ७५ वर स्थिरावत असेल, तर मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत पारा ४० वर गेल्यावर तेच काम तिला ९० च्या आसपास नेईल. ही १५ अंशांची भर दोन्ही कंपन्यांच्या चिपला सारखीच पडते. म्हणून विचारायचं ते एवढंच, की हीटसिंकला किती वॅट उष्णता बाहेर फेकावी लागते.

इथंच ‘दोन्ही ६५ वॅटचे’ हा मुद्दा कोसळतो. ७६०० सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. १४४००एफची ६५ ही मूळ पातळी आहे. टर्बोची, म्हणजे तात्पुरत्या वाढीव वेगाची, कमाल मर्यादा १४८ वॅट. इंटेलच्या नियमाप्रमाणे ती काही सेकंदांपुरती, पण बरेच बोर्ड ही मुदत उठवून ठेवतात. उलट स्वस्त एच६१० बोर्डावर वीज पुरवणारा भाग कमकुवत असतो. तो तापला की बोर्ड वीज आवळतो, आणि ज्या दहा कोअरसाठी पैसे मोजले ते पूर्ण वेगानं चालतच नाहीत. डब्यातला पंखा दोन्हीकडे तोकडाच आहे. सगळ्या कोअरवर सतत ताण असेल, तर ४० अंशांच्या खोलीत ७६०० आपल्या व्रेथ स्टेल्थ पंख्यावर ९५ला टेकेल. मोकळ्या मर्यादेचा १४४००एफ आपल्या पंख्यावर १००कडे सरकेल. चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटर पंखा असलेला टॉवर हीटसिंक नागपुरात दोन्हींसाठी घ्याच.

बायोसमध्येही (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग मेनूत) एक बदल करून ठेवा. ७६००साठी पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह) मेनूतला ४५ वॅटचा इको मोड निवडा. वीज साधारण ६० वॅटवर अडते आणि गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही. १४४००एफसाठी पीएल१ आणि पीएल२, म्हणजे सततची आणि टर्बोची वीजमर्यादा, दोन्ही ९० वॅटवर ठेवा. आणि खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. तापमान उतरतं हे खरं, पण त्या हवेत ओलावा आणि पाण्यातले क्षार असतात. धुळीत मिसळून त्यांचा थर हीटसिंकच्या पात्यांवर घट्ट बसतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच चिप विनाकारण दहा अंश जास्त दाखवते.

वीजबिलाचं म्हणाल, तर १४८ आणि ८८ मधला पूर्ण ६० वॅटचा फरक धरला आणि रोज दोन तास चिप पूर्ण ताणावर चालवली, तरी महिन्याला ३.६ युनिट होतात. एवढ्यानं कोणाचं बिल वाढत नाही. हा फरक लाईट गेल्यावर जाणवतो: ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅट पेलतो, आणि ग्राफिक्स कार्डासोबत हे जादा ६० वॅट त्याला आडवं करायला पुरतात. दिवसभर टॅली आणि ब्राउझरच उघडा असेल, तर मात्र इंटेल सरस. हलक्या कामात ७६०० काही वॅट जास्तच खातो.

एडिटिंगचा सल्ला सगळ्यात नुकसानकारक आहे. लग्नाचं शूटिंग करणारे आता १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या, रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या व्हिडिओ प्रकारात रेकॉर्ड करतात. ते फुटेज टाइमलाइनवर अडखळू नये यासाठी इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे चिपमधला व्हिडिओ उलगडणारा भाग, खरोखर कामाचं. ७६००च्या अंगभूत ग्राफिक्सला ४:२:२ झेपत नाही. पण क्विक सिंक असतं अंगभूत ग्राफिक्समध्ये, आणि ‘एफ’ म्हणजे ते ग्राफिक्स नसलेलं मॉडेल! एडिटिंगसाठी इंटेल घ्यायचा तर साधा १४४०० घ्या. एफ मॉडेल घेतलं आणि कार्ड नसेल किंवा बिघडलं, तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्रच येणार नाही.

राहिला स्वस्ताईचा प्रश्न. बाजारात आले तेव्हा ७६००ची किंमत २२९ डॉलर होती, १४४००एफची १९६. चिप स्वस्त आहे, हे मान्य. घरात डीडीआर४ची, म्हणजे आधीच्या पिढीची, चांगली रॅम पडून असेल, तर मजकुराचा सल्ला बरोबरच आहे: डीडीआर४चा बी७६० बोर्ड घ्या आणि तीच रॅम लावा. एएम५वर डीडीआर५शिवाय पर्याय नाही, आणि २०२५च्या अखेरीपासून रॅम बरीच महागली आहे. पण सगळंच नवं घेणार असाल, तर १४४००एफचा एलजीए१७०० सॉकेट इथंच संपतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१ लागतो. एएम५चा बोर्ड बायोस अपडेट करून एएमडीच्या ९८००एक्स३डी या तगड्या प्रोसेसरपर्यंत नेता येतो, आणि या सॉकेटला २०२७ व त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे.

कोटेशन दोन्ही बाजूंचं लेखी मागा: प्रोसेसर, बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव, रॅमचा प्रकार आणि वेग, हीटसिंक, १८ टक्के जीएसटीसह. ७६०० घेतल्यास रॅमच्या दोनच पट्ट्या घ्या, चार नकोत, आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवा. पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड तेव्हा रॅम जुळवून घेत असतो. बंद-चालू करत बसू नका. मग बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, कॅबिनेट बंद करून सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमानासोबत पॅकेज पॉवर (प्रोसेसर खात असलेले वॅट) व वेग टिपून ठेवा. मे महिन्यात दुपारी तीनला हेच पुन्हा करा. वॅट तेवढेच आणि तापमान खोलीइतकंच वाढलेलं असेल तर सगळं ठीक. त्याहून जास्त वाढलं असेल तर आधी हीटसिंकमधली धूळ काढा, मग चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट बदला.