‘आकडे मागाहून कमी केले’ या आक्षेपाला आमचे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या कार्यालयातील राउटर, स्विच आणि सर्व्हर यांच्या ट्रॅफिकवर, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्यावर, देखरेख ठेवणारी यंत्रणा आम्ही बसवून दिली. तिच्याविषयी आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय आम्ही काळजीपूर्वक वाचला. जुन्या तारखांचे आकडे आम्ही मागाहून कमी केले, यंत्रणा बसवूनही दुपारचे इंटरनेट पूर्वीइतकेच रखडते, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे पैसे घेऊन वर एक स्विच गळ्यात मारला आणि कोणता कर्मचारी काय पाहतो हे अजूनही कळत नाही, अशा आपल्या तक्रारी आहेत. यातली पहिली तक्रार आमच्या सचोटीवर बोट ठेवणारी असल्यामुळे तिचे उत्तर लांबणार आहे. आपल्या संस्थेचे नाव येथे घेत नाही आणि आपण स्वतः जाहीर केलेल्या तपशिलांपलीकडेही जात नाही.

आपण दोन स्क्रीनशॉट जोडले आहेत. पहिला त्याच दिवशी काढलेला असून त्यात साडेअकराच्या सुमारास बाहेर जाणारे ट्रॅफिक सेकंदाला ९६ मेगाबिटपर्यंत चढलेले आणि पाऊण तासाहून अधिक काळ तेथेच टिकलेले दिसते. दुसरा काही आठवड्यांनंतरचा, मासिक आलेखाचा आहे. त्यात त्याच तारखेचे शिखर साडेत्रेचाळीस मेगाबिटवर थांबते. एकाच दिवसाचे दोन आकडे समोर आल्यावर कोणाच्याही मनात पाल चुकचुकेल, हे मान्य आहे. पण दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही एकाच फाईलमधून आलेले आहेत.

आपल्याकडे बसवलेले कॅक्टाय हे ट्रॅफिकचे आलेख काढणारे सॉफ्टवेअर आपले आकडे आरआरडीटूल या साठवणीच्या साधनाच्या फाईलमध्ये साठवते. आरआरडीटूल हे साधन टोबियास ओटिकर या संगणकतज्ज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी १९९५ मध्ये त्यांनी एमआरटीजी हे ट्रॅफिक मोजणारे साधन लिहिले होते, कारण ते काम करत होते तेथे बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकच लाइन होती आणि तिचे काय चालले आहे हे प्रत्येकाला जाणून घ्यायचे होते. डिस्कही तेव्हा महाग होत्या. त्यामुळे फाईलचा आकार पहिल्याच दिवशी ठरवून टाकायचा, तो कधीच वाढू द्यायचा नाही आणि आकडे जुने होतील तसे त्यांची सरासरी काढून थोडक्या जागेत बसवायचे, अशी रचना त्यांनी केली. म्हणून ताज्या दिवसाच्या आलेखातला प्रत्येक बिंदू पाच मिनिटांच्या सरासरीचा असतो, साप्ताहिक आलेखातला अर्ध्या तासाच्या, मासिक आलेखातला दोन तासांच्या, तर वार्षिक आलेखातला अख्ख्या दिवसाच्या सरासरीचा.

आता आपलाच दिवस घ्या. दोन तासांत पाच मिनिटांच्या चोवीस नोंदी होतात. त्या दिवशी पन्नास मिनिटे, म्हणजे दहा नोंदी, ९६ मेगाबिटच्या होत्या आणि उरलेल्या चौदा नोंदी सरासरी ६ मेगाबिटच्या. दहा गुणिले ९६ म्हणजे ९६० आणि चौदा गुणिले ६ म्हणजे ८४, एकूण १०४४. त्याला चोवीसने भागले की बरोबर साडेत्रेचाळीस येतात. हे गणित कोणताही लेखापाल कागदावर मांडून पाहू शकेल. दोन तासांचे हे कप्पे जागतिक प्रमाणवेळेनुसार पाडले जातात. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असल्याने आपल्याकडे तो कप्पा साडेअकरा ते दीड असा पडला आणि ती सगळी पन्नास मिनिटे त्या एकाच कप्प्यात आली. ती दोन कप्प्यांत विभागली गेली असती, तर मासिक आलेखातले शिखर याहूनही बुटके दिसले असते.

प्रत्येक कप्प्यातील सर्वांत मोठी नोंदही त्या फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळी जपली जात आहे. आपला अभिप्राय वाचल्यानंतर ती कमाल रेघ मासिक आलेखावर उघड दिसेल अशी व्यवस्था आम्ही केली असून, त्या तारखेवर आजही ९६ हाच आकडा दिसतो. पाहून घ्यावे. आपल्या विश्वासातला कोणी जाणकार बोलावून मूळ फाईल उघडून पाहावी. त्यासाठी आमच्या परवानगीची गरज नाही, कारण फाईल आपल्याच सर्व्हरवर आहे आणि तिचे सर्व पासवर्ड हस्तांतरणाच्या वेळी बंद लिफाफ्यात, आपली पोच घेऊन, आम्ही सुपूर्द केले आहेत.

दुपारी इंटरनेट रखडण्याविषयी. देखरेखीची यंत्रणा ट्रॅफिक मोजते, लाइनचा वेग वाढवत नाही. थर्मामीटरने ताप उतरत नाही, तसेच हे आहे. मात्र ताप कोठून येतो हे तिने दाखवले आहे आणि ते आमच्या लेखी अहवालात नमूद आहे. आपल्या पहिल्या स्क्रीनशॉटमधील ट्रॅफिकचा माथा पाहावा. माणसे काम करत असतात तेव्हा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो. येथे तो ९६ वर जाऊन सपाट झाला आहे, म्हणजे १०० मेगाबिटची लीज्ड (फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेली) लाइन बाहेर जाणाऱ्या दिशेने तुडुंब भरली आहे. राउटरकडून मिळणाऱ्या नेटफ्लोच्या (कोणी कोणाशी किती माहितीची देवाणघेवाण केली याच्या) नोंदींनुसार हे सारे ट्रॅफिक एकट्या फाईल सर्व्हरकडून क्लाउड स्टोरेजकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीकडे, बॅकअप म्हणून दर कामाच्या दिवशी साडेअकराला जात असते. पन्नास मिनिटांत सुमारे ३६ गिगाबाइट.

आपण लिहिता की बॅकअप सकाळी सहाला ठेवलेला आहे, असे सर्व्हर सांभाळणारी एजन्सी सांगते, त्यामुळे दुपारच्या रखडण्याशी त्याचा संबंध असू शकत नाही. एजन्सी खोटे सांगत नाही. बॅकअपच्या वेळापत्रकात ०६:०० असेच लिहिलेले आहे. पण ते वेळापत्रक जागतिक प्रमाणवेळ पाळते आणि तिथल्या सहा वाजता आपल्या भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजलेले असतात. तेथे १७:३० असे लिहिले की बॅकअप रात्री अकराला सुरू होईल. बदल एका ओळीचा आहे, परंतु त्या सर्व्हरमध्ये शिरण्याचा अधिकार आपण आम्हाला दिलेला नाही. तो न देणे हा आपला निर्णय योग्यच होता. दुसऱ्याच्या ताब्यातील सर्व्हरला हात लावणे आमच्याही शिस्तीत बसत नाही.

बाहेर जाणारी दिशा भरली तर आत येणारे का रखडावे, असा प्रश्न आपल्या लेखा विभागातूनही आला होता. आपण काहीही डाउनलोड करतो तेव्हा आलेल्या माहितीची पोच सतत उलट दिशेने पाठवावी लागते. त्या पोचपावत्या बॅकअपच्या रांगेमागे खोळंबल्या की समोरचा सर्व्हर पुढची माहिती पाठवण्याचा वेग कमी करतो. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचे बोलणे बऱ्यापैकी ऐकू येते आणि आपला आवाज मात्र तुटतो, हे त्याचेच लक्षण.

फुकटच्या सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात सांगायचे तर, कॅक्टाय खरोखरच मोफत आहे आणि आमच्या दरपत्रकात सॉफ्टवेअरच्या रकान्यात शून्य लिहिलेले आहे. पैसे कामाचे आहेत. ‘पोर्ट १७’ (स्विचवरची केबल लावायची सतरावी जागा) असा आलेख कोणाच्याच कामाचा नसतो. तो ‘दुसरा मजला, लेखा विभाग’ असा वाचता यावा यासाठी प्रत्येक केबल टोकापर्यंत शोधत जावे लागते. प्रिंटरच्या मागे धुळीत पडलेला, कोणाच्याही यादीत नसलेला पाच पोर्टांचा छोटा स्विच त्याच शोधात सापडला आणि खरेदी विभागाची चारही यंत्रे त्याच्यावर लटकलेली निघाली.

नवा स्विच घ्यावा लागला, कारण दुसऱ्या मजल्यावरचा जुना स्विच अनमॅनेज्ड होता. असा स्विच माहिती इकडून तिकडे पोचवतो, पण किती पोचवली हे विचारले तर सांगत नाही. त्याच्या जागी आपण सुचवलेला स्वस्त स्विच आम्ही नाकारला, तो नफ्यासाठी नव्हे. तो एसएनएमपीची, म्हणजे उपकरणांकडून असे आकडे विचारून घेण्याच्या पद्धतीची, फक्त पहिली आवृत्ती जाणतो आणि त्या आवृत्तीत पोर्टवरचे मोजमाप ३२ बिटांच्या काउंटरवर चालते. असा काउंटर सुमारे ४२९ कोटी बाइट मोजून झाले की पुन्हा शून्यावर येतो. गिगाबिटचा पोर्ट पूर्ण वेगाने चालला तर हे साधारण चौतीस सेकंदांत घडते. पाच मिनिटांनी वाचन घेणाऱ्या यंत्रणेला मधल्या काळात काउंटर किती वेळा फिरला हे कळण्याचा मार्गच नसतो. नंतरच्या आवृत्त्यांत ६४ बिटांचे काउंटर मिळतात. आपण घेतलेला स्विच तिसरी आवृत्तीही जाणतो, ज्यात वाचनाचा पासवर्ड नेटवर्कवर उघडा फिरत नाही. हीच क्षमता असलेला स्विच कोणत्याही दुकानातून आणावा, असे आम्ही दरपत्रकातच लिहिले होते.

राहिला प्रश्न कर्मचाऱ्यांचा. नेटफ्लोतून कोणत्या यंत्राने कोणत्या पत्त्याशी, कोणत्या पोर्टवर (येथे पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक), किती वेळ आणि किती बाइटची देवाणघेवाण केली एवढे समजते. आतला मजकूर समजत नाही आणि आजची बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध जोडणी वापरत असल्याने तो नुसता पाहून वाचताही येत नाही. तो वाचायचा तर प्रत्येक यंत्रावर आपले डिजिटल प्रमाणपत्र बसवून सर्व जोडण्या मध्येच उघडाव्या लागतील, ज्यात कर्मचाऱ्याचे बँकेचे व्यवहारही उघडे पडू शकतात. कर्मचाऱ्यांना लेखी कल्पना दिल्याशिवाय हे काम आम्ही करत नाही. कार्यादेशातही ते नव्हते आणि पुढे कोणी मागितले तरी आमची हीच अट राहील. एखादे यंत्र अवाजवी माहिती ओढत असेल तर त्याचा पत्ता आजच्या यंत्रणेतही मिळतो आणि बहुतेक कार्यालयांना तेवढे पुरते, असे आमचे मत आहे.

बॅकअपची वेळ बदलण्यासाठी सर्व्हर सांभाळणाऱ्या एजन्सीचा प्रतिनिधी आणि आमचा तंत्रज्ञ यांना एकाच वेळी आपल्या कार्यालयात बोलवावे, ही विनंती. या भेटीचे शुल्क आकारले जाणार नाही. वेळापत्रकात १७:३० लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशीचा साडेअकराचा आलेख आपण स्वतः पाहावा, आणि त्यानंतरही तो माथा सपाट दिसला तर नेटफ्लोच्या त्या तासाच्या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात.

आपला विश्वासू,
संचालक