आमचे पुस्तक दुर्मिळ नाही

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक पीडीएफ आली. तिच्याखाली एकच ओळ होती : ‘अत्यंत दुर्मिळ पुस्तक, जरूर वाचा, इतरांनाही पाठवा.’ ते पुस्तक आमचे आहे. मी आणि माझी थोरली बहीण सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत गेली अकरा वर्षे लहानशी प्रकाशनसंस्था चालवतो, आणि हे पुस्तक आम्ही गेल्याच वर्षी छापले आहे. अप्पा बळवंत चौकातल्या चार दुकानांत ते आजही फळीवर उभे आहे, फोन केला तर आम्ही टपालाने घरपोच पाठवतो, आणि आमच्या टेबलाखाली त्याचे सहा गठ्ठे पडून आहेत. मागितल्यावर दुसऱ्या दिवशी हातात पडणाऱ्या पुस्तकाला दुर्मिळ म्हणायचे आणि त्या एका शब्दाच्या आधाराने ते फुकट वाटायचे, याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

पुस्तक पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या बारवांविषयी, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरींविषयी आहे. लेखक सासवडच्या बाजूचे निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही त्यांना सर म्हणतो. लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीपासून ते ज्यांच्याकडे जायला धड वाटही उरलेली नाही अशा गाळाने भरलेल्या बारवांपर्यंत सरांनी चार वर्षे एसटीने हिंडून पायऱ्या मोजल्या, कोनाडे मोजले, शिलालेख असेल तर त्याचे ठसे घेतले, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पाण्याच्या वहिवाटीच्या गोष्टी लिहून घेतल्या. पाने ३२०, किंमत ४५० रुपये, पहिली आवृत्ती ५०० प्रतींची. विक्रेत्याची ४० टक्के सूट गेली की आमच्याकडे २७० रुपये उरतात, आणि त्यातून कागद, छपाई, बांधणी, नकाशे आणि सरांचे मानधन भागवायचे असते. सरांना छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे प्रतीमागे ४५ रुपये मिळतात; आवृत्तीतली शेवटची प्रत खपली तरी चार वर्षांच्या कामाचे २२,५०० रुपये होतात. त्यात त्यांच्या एसटीच्या तिकिटांचाही हिशेब बसत नाही.

ती पीडीएफ मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. कोणीतरी पुस्तकाचा कणा मोडून ते यंत्रावर पालथे घातले होते. नकाशांच्या कडा कापल्या गेल्या होत्या आणि एकशे चाळिसाव्या पानावर अंगठा दिसत होता. आम्ही हाताने चिकटवलेले शुद्धिपत्रसुद्धा त्याने इमानाने उतरवून घेतले होते. ‘सर्व हक्क राखीव’ असे छापलेले पानही होते. म्हणजे हे अजाणतेपणी झाले असे मला कोणी सांगू नये.

पीडीएफ पाठवणारे काका आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, गणपतीच्या वर्गणीचा पैन् पै हिशेब देणारे गृहस्थ आहेत. मी त्यांना भेटून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अगं, मला दुसऱ्या गटावर आली, मी पुढे पाठवली. ज्ञान आहे, ते सगळ्यांपर्यंत पोचायला नको का?” हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे की आता ते ऐकले तरी डोके फिरते. ज्ञान सर्वांपर्यंत पोचावे म्हणून रीतसर वाटा या देशात आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे पूर्ण झाली की त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले आणि २०११ पासून त्यांचे साहित्य कोणीही छापावे, कोणीही वाटावे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके स्वतःहून खुली करून ठेवली आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कोणतेही पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात आणण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच दिली आहे. एवढे सगळे असताना सासवडच्या एका हयात शिक्षकाचे, गेल्या वर्षी निघालेले पुस्तकच तुम्हाला का मोकळे करायचे असते? काकांनी ते काढून टाकले, माफीही मागितली. पण तोवर ती फाईल किती गटांवर गेली हे ना त्यांना माहीत, ना मला.

काकांना तुरुंगात पाठवावे असे मला कधीही वाटले नाही. मला मूळ जागा बंद व्हायला हवी होती, म्हणजे इंटरनेटवरच्या ज्या चॅनेलवर आमच्या पुस्तकाबरोबर इतर प्रकाशकांचीही शेकडो मराठी पुस्तके अकारविल्हे लावून ठेवलेली आहेत ते चॅनेल, आणि ते चालवणारा माणूस कोण हे कळायला हवे होते. म्हणून मी पोलीस ठाण्यात गेले. तिथे मला सांगण्यात आले, “मॅडम, हे दिवाणी प्रकरण आहे, वकील करा आणि कोर्टात जा.” मी अर्धा तास समजावले की हे दिवाणी प्रकरण नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्याच्या कलम ६३ नुसार हा सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा गुन्हा आहे, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि कलम ६४ प्रमाणे साधा उपनिरीक्षकसुद्धा विनावॉरंट बेकायदा प्रती जप्त करू शकतो. हे सगळे मी कागदावर छापून नेले होते. तो कागद कोणी हातातसुद्धा घेतला नाही. तिथून मला दुसऱ्या कार्यालयात पाठवले. तिथे समोरच्या माणसाचा पहिला प्रश्न होता, “तुमच्या खात्यातून पैसे किती गेले?” खात्यातून गेले नाहीत, यायचे होते ते आले नाहीत, असे मी म्हटले, तर तसा रकानाच अर्जात नव्हता. माझी तक्रार ‘इतर’ या सदरात गेली आणि आजतागायत मला तिच्याविषयी एकही फोन आलेला नाही.

आणि हेच सरकार पायरसीविरुद्ध काही करत नाही असेही नाही. सिनेमासाठी ते पुष्कळ करते. २०२३ साली संसदेने चित्रपट कायद्यात दुरुस्ती केली : चोरून चित्रण करणाऱ्याला किंवा तसे चित्रण दाखवणाऱ्याला किमान तीन महिने कैद, किमान तीन लाख रुपये दंड, आणि दंडाची कमाल मर्यादा चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितिखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाने आपल्या कार्यालयात आणि सेन्सॉर मंडळात तक्रारी घेणारे खास अधिकारी नेमले, आणि त्यांनी आदेश दिल्यावर ४८ तासांत चोरीच्या चित्रपटाची लिंक उतरली पाहिजे असे जाहीर केले. पायरसीमुळे चित्रपटउद्योगाचे वर्षाला २०,००० कोटींचे नुकसान होते हा आकडा मंत्रालयानेच तेव्हा दिला होता. मला चित्रपटवाल्यांचा हेवा नाही. त्यांचीही चोरीच होते, आणि त्यांना ४८ तासांत न्याय मिळत असेल तर तो मिळालाच पाहिजे. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या अधिकाऱ्यांच्या दारात पुस्तक घेऊन जाणाऱ्याला जागा का नाही? चित्रपटाच्या चोराचा दंड निर्मितिखर्चाबरोबर वाढतो. पुस्तकाच्या चोराला कायद्यात ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हे आकडे १९८४ सालचे आहेत. चाळीस वर्षांत कागदाचा भाव कुठल्या कुठे गेला, पण त्या दोन आकड्यांना कोणी हात लावलेला नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा सर्वांनी पेढे वाटले, आम्हीही वाटले. त्या भाषेत आज लिहिणाऱ्या माणसाचे ४५ रुपये राखण्यासाठी मात्र या शहरात मला एक खिडकी सापडलेली नाही.

दरारा निर्माण करण्याची मात्र सरकारी यंत्रणेला भारी हौस. २०१६ साली बंद केलेल्या संकेतस्थळांवर एक इशारा झळकू लागला होता, की हे पान नुसते पाहणेसुद्धा शिक्षेस पात्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाला तेव्हा सांगावे लागले की गुन्हा पाहण्यात नसून बेकायदा वाटप, प्रदर्शन आणि विक्री करण्यात आहे, आणि मग तो मजकूर बदलावा लागला. नेमका हाच रोग आहे. समोर दिसणाऱ्या सामान्य माणसाला घाबरवायचे आणि मागे बसून फाईल चढवणाऱ्याच्या वाटेला जायचे नाही. इशाऱ्याला आमचे काका घाबरतील, आणि घाबरून बहुधा वाचनच सोडतील. चॅनेलवाला तो इशारा पाहायलाही येणार नाही.

पोलिसांकडून काही होत नाही म्हटल्यावर मी कायद्यातला शेवटचा मार्ग धरला. कॉपीराइटच्या नियमांत अशी सोय आहे, की हक्कधारकाने लेखी नोटीस दिली तर ज्या मंचावर फाईल आहे त्याने ३६ तासांच्या आत ती बंद करावी. रात्री दोनपर्यंत बसून मी नोटीस तयार केली. सरांबरोबरचा करार, छापील प्रतीची छायाचित्रे, प्रत्येक लिंकचा पत्ता, सगळे जोडले. फाईल दुसऱ्याच दिवशी उतरली. ताईने त्या आनंदात सरांना फोनही केला. पण त्याच नियमात पुढे असे आहे, की नोटीस देणाऱ्याने दावा दाखल करून २१ दिवसांच्या आत न्यायालयाचा आदेश आणून द्यायचा, तसे हमीपत्र नोटिशीतच लिहून द्यायचे, आणि आदेश आला नाही तर मंचाला फाईल पुन्हा खुली करता येते. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात एकवीस दिवसांत मनाई हुकूम! ज्या वकिलांना मी विचारले त्यांनी ओळखीतले म्हणून कमी करून ४० हजार रुपये सांगितले, आणि २१ दिवसांची खात्री देता येत नाही हेही प्रामाणिकपणे सांगितले. सरांच्या संपूर्ण आवृत्तीच्या मानधनाच्या जवळपास दुप्पट रक्कम एका फाईलसाठी घालायची, आणि पुढच्या आठवड्यात तीच फाईल दुसऱ्या नावाने वर आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्यांचे वकील होते, दोन खोल्यांतले प्रकाशक नव्हते.

न्यायालयात गेले तर काही होतच नाही, असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला आदेश दिला, की स्पर्धापरीक्षांच्या एका शिक्षिकेचे साहित्य चोरून वाटणाऱ्या चॅनेलचालकांचा तपशील न्यायालयाला द्यावा, आणि तो द्यावा लागला. म्हणजे चोर शोधता येतो. फक्त त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत पोचण्याची ऐपत लागते, आणि माझी चीड नेमकी या ‘फक्त’ विषयी आहे. फर्ग्युसन रस्त्यावर पदपथावर पसरलेली, धुरकट छपाईची नकली पुस्तके इतकी वर्षे दिवसाढवळ्या विकली जातात, तिथून सर्वांच्या गाड्या जातात, आणि ती पाहायला कोणाला चॅनेलही शोधावे लागत नाही. तिथेच जर कोणी थांबत नसेल तर पीडीएफसाठी कोण धावणार?

माझी मागणी मोठी नाही. चित्रपटासाठी जो अधिकारी आहे तसाच पुस्तकासाठी एक अधिकारी हवा, ज्याच्याकडे करारनामा आणि छापील प्रत दाखवली की तो स्वतःच्या सहीने फाईल उतरवेल, ती पुन्हा चढली तर नव्या दाव्याशिवाय पुन्हा उतरवेल, आणि शेकडो पुस्तकांचे चॅनेल चालवणाऱ्याचे नाव मंचाकडून मागवून पोलिसांच्या हातात देईल. प्रत्येक ठाण्यात कलम ६३ आणि ६४ एका कागदावर लावून ठेवायला तर पैसाही लागत नाही.

नोटिशीला एकवीस दिवस झाले तेव्हा आमच्याकडे आदेश नव्हता. बाविसाव्या दिवशी सकाळी मी लिंक उघडून पाहिली, तर फाईल जागेवर होती, त्याच अंगठ्यासह. सरांनी दुसऱ्या भागासाठी जुन्नरकडच्या बारवांचे काम सुरू केले होते. त्यांनी गेल्या आठवड्यात फोन करून विचारले, की पुढचे लिहू की थांबू. ताईने त्यांना लिहा असे सांगितले, आणि फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गठ्ठ्यांकडे पाहत बसली. काल रात्री मी तीच नोटीस, तीच जोडपत्रे आणि तेच हमीपत्र नवी तारीख घालून पुन्हा पाठवले आहे.