ऑपरेटरसाहेबांचा अबोला

कंटेनर क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनांवर सुट्या बंदिस्त डब्यांतून (कंटेनरांतून), प्रोग्राम चालवणे तसे निर्धास्तपणाचे काम आहे, कारण एखादा कंटेनर मेला तर या डब्यांचा कारभार पाहणारी कुबरनेटीस ही प्रणाली त्याच्या जागी लगेच दुसरा उभा करते आणि कोणी सुतक पाळत बसत नाही. पंचाईत होते ती मेलेल्याच्या मालमत्तेची. कंटेनरबरोबर त्याच्या पोटातल्या फाइलीही जातात, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीत मी संगणक विभाग सांभाळतो, तेथे भट्टीच्या तापमानाच्या नोंदी व कास्टिंगचे फोटो वर्षानुवर्षे जपून ठेवणे ग्राहकांनी बंधनकारक केलेले आहे. तेव्हा क्लस्टरवर एक स्टोरेज ऑपरेटर, म्हणजे साठवणुकीची व्यवस्था लावणारा प्रोग्राम, बसवणे भाग होते. आम्ही रूक निवडला. रूक स्वतः काही साठवत नाही. साठवण्याचे कष्ट सेफ नावाची प्रणाली करते आणि रूक तिच्यावर देखरेख ठेवतो. सेफचा उगम सेज वाइल यांच्या कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील पीएच.डी.च्या संशोधनात आहे, आणि रूकला २०२० साली क्लाउड नेटिव्ह कंप्युटिंग फाउंडेशन या असले प्रकल्प जोपासणाऱ्या संस्थेने ‘ग्रॅज्युएट’ प्रकल्पाचा दर्जा दिला. दोघेही उच्चशिक्षित असल्याची जाणीव त्यांच्या वागण्यात पदोपदी दिसते.

कागदोपत्री हे काम किरकोळ आहे. चार यामल फाइली, म्हणजे ऑपरेटरसाठी लिहिलेले सूचनांचे कागद, क्रमाने लावायच्या, मोकळ्या जागा नीट मोजून सोडायच्या आणि चुकूनही टॅब वापरायचा नाही. फाइली लागल्या, पडद्यावर ‘क्रिएटेड’ म्हणत ओळी सरकल्या आणि त्यानंतर सगळे शांत झाले. जागा मागणारा आमचा अर्ज ‘पेंडिंग’ या स्थितीत जाऊन बसला. सीमाप्रश्नाचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात असल्यामुळे आम्हा बेळगावकरांना त्या शब्दाची फारशी धास्ती वाटत नाही; पण निदान तेथे तारीख तरी मिळते. येथे चूक दाखवली जात नव्हती, नकारही मिळत नव्हता. अधिक महिन्यात सासरी आलेला जावई ताट पुढे आल्यावर भिंतीकडे पाहत बसतो आणि काय कमी पडले ते घरच्यांनी ओळखायचे असते, तशी ऑपरेटरसाहेबांची तऱ्हा होती.

खरे तर साहेब बोलतात, परंतु ज्याला सांगायला हवे त्याला सोडून भलत्याच ठिकाणी. डिस्क तयार करण्यापुरता जन्म घेऊन लगेच संपणारा एक पॉड (कंटेनर ठेवायचे वेष्टन) असतो. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, खोलवर एक ओळ सापडली की अमुक डिस्कवर फाइल सिस्टिम (फाइली मांडण्याची रचना) आहे, सबब ती वगळण्यात येत आहे. सेफला डिस्क कोरी लागते. तिच्यावर विभाग (पार्टिशन) नको आणि पूर्वीच्या फाइल सिस्टिमची खूण तर मुळीच नको. आमच्या तीन डिस्कपैकी एक लेखा विभागाच्या जुन्या सर्व्हरमधून काढलेली होती. ती पुसायची म्हटल्यावर हिशेबनीसकाका खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसले.

“नक्की पुसायची?”

“काका, याच्या दोन प्रती दुसरीकडे आहेत.”

“असू देत. एकदा उघडून दाखव.”

मी उघडून दाखवली. काकांनी चष्मा कपाळावर चढवून जुने ताळेबंद एकामागून एक पाहिले, एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून यायची राहिलेली उचल शोधून काढली, ती वहीत तारखेसह उतरवून घेतली आणि मगच मानेने परवानगी दिली. डिस्क पुसायला क्षणभर लागला. परवानगी मिळवण्यात जेवणाची सुट्टी गेली.

पुढचा रुसवा घड्याळावरून झाला. सेफचे तीन मॉनिटर, म्हणजे पहारा देणारे प्रोग्राम, वेगवेगळ्या मशीनांवर असतात आणि त्यांपैकी दोघांचे एकमत असल्याशिवाय कारभार चालत नाही. या तिघांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदाहून अधिक फरक पडला की ते इशारा देतात. वीज गेली की आमच्या एका मशीनला, आतला सेल संपल्यामुळे, कालवेळेचे भान राहत नसे. ज्या कारखान्यात पाळी बदलल्याचा भोंगा वॉचमनमामांच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे वाजतो आणि त्याबद्दल आजवर कोणी ब्र काढलेला नाही, तेथे सेकंदाच्या विसाव्या भागासाठी अडून बसणे मला अंमळ उद्धटपणाचे वाटले. सेल बदलला, वेळ जुळवणारी सेवा चालू केली आणि विषय मिटवला.

सर्वांत चिवट निघाले ते नावाचे प्रकरण. आमच्या मशीनांची नावे पूर्वीपासून बेळगाव, खानापूर आणि निपाणी अशी आहेत. क्लस्टरची फाइल मात्र बेंगळुरूहून आम्हाला मदत करणाऱ्या एका तरुण अभियंत्याने लिहिली होती, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदललेले असल्याने त्याने प्रामाणिकपणे ‘बेळगावी’ असे लिहिले. फाइलीतले नाव मशीनच्या नावाशी अक्षरशः जुळावे लागते. न जुळल्यास ऑपरेटरसाहेब तक्रार करत नाहीत. अशी कोणी मशीन अस्तित्वातच नाही असे समजून पुढे चालू लागतात. दोन डिस्क रुजू झाल्या, तिसरी नाही, आणि प्रकृतीच्या रकान्यात पिवळा इशारा. रात्रपाळीचे वॉचमनमामा दारातून डोकावून “अजून तेच करूलालाय काय सर?” असे विचारून गेले. शेवटी फाइलीतली एक वेलांटी काढली आणि शहर सापडले.

प्रकृती हिरवी झाली तेव्हा मालक पाहायला आले. चार टेराबाइटच्या तिन्ही डिस्कची बिले वेळोवेळी त्यांनीच मंजूर केलेली होती.

“म्हणजे बारा झाले.”

“वापरायला चारच, मालक. प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती ठेवल्या जातात.”

मालकांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग काही न बोलता निपाणीपाशी गेले आणि तिचा प्लग स्वतःच्या हाताने ओढला. मी श्वास रोखला. फोटो मात्र पूर्वीसारखेच उघडत राहिले. मालकांचा चेहरा प्रथमच सैल झाला, पण लगेच त्यांना पडद्यावरचा पिवळा इशारा दिसला.

“हे काय आता?”

“एक प्रत कमी पडते आहे.”

“मग दुसरीकडे करून ठेवा की.”

“प्रत्येक प्रत वेगळ्या मशीनवर असली पाहिजे, अशी अट आहे. आणि मशीन तीनच आहेत.”

“म्हणजे चौथी घ्या, असं म्हणा सरळ.”

चौथ्या मशीनचे कोटेशन आले आहे आणि दराबद्दल कोणाचीच तक्रार नाही. मात्र तिचे नाव फाइल लिहिण्यापूर्वीच पक्के व्हावे, असा आग्रह धरल्यापासून मालक चंदगडवर आणि हिशेबनीसकाका हुक्केरीवर अडून बसले आहेत.