कुलकुल वळून शाळेची तयारी होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

नाताळच्या कामांतून बालवर्गाची तयारी कशी होते, या माझ्या लेखावर तुम्ही बरंच लिहिलंत, म्हणून उत्तरही ऐसपैस देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगा जूनमध्ये ज्युनियर केजीत जाणार, प्रवेशाच्या वेळी शाळा रंग, आकडे, एबीसीडी विचारणार, आणि मी आयांना कुलकुल, म्हणजे नाताळच्या फराळातला तळलेला गोड पदार्थ, वळायला नि नाचणी पेरायला सांगतेय. त्यापेक्षा सुट्टीत रोज अर्धा तास पाटीवर गिरवून घेतलेलं बरं. आणि शेवटी, 'सणाचाही अभ्यास करून टाकलात!' अभ्यास कमी पडला म्हणून रागावलात की जास्त झाला म्हणून, ते काही मला कळेना.

आधी हाताचं बघू. आमच्या वसईत डिसेंबरात घरोघरी कुलकुलाचं पीठ भिजतं. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवायची, अंगठ्याने दाबत पुढे न्यायची आणि ती शिंपल्यासारखी वळली की अलगद सोडवायची. चार वर्षांचं मूल आधी सगळा जोर लावतं, पीठ काट्याच्या दातांत अडकतं. मग भीत भीत दाबतं, तर रेघाच उमटत नाहीत. पाचसात गोळ्यांची वाट लागली की अंगठा कुठे दाबायचा, कुठे सैल सोडायचा हे त्याचं त्यालाच उमगतं, आणि दुसरा हात न सांगता काटा धरून ठेवतो. लिहिताना तरी दुसरं काय लागतं? एका हाताने कागद धरायचा, दुसऱ्याच्या तीन बोटांनी बेताचा जोर लावायचा. मनगटातली ८ हाडं जन्मतः कूर्चेचीच असतात आणि एकेक करून त्यांचं हाड होत जातं. चौथ्या वर्षी सगळी तयारही नसतात. म्हणून तर या वयाचं मूल पानभर 'अ' गिरवताना पेन्सिल मुठीत आवळतं आणि खांद्यापासून हात ओढतं. पान भरतं खरं, पण पुन्हा वही काढली की ते पळ काढतं.

आता वाट बघण्याचं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. हिरव्या कड्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या नि एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटते, गुलाबीची पाळी तिसऱ्या रविवारी. 'अजून किती राहिल्या?' हा प्रश्न मूलच विचारतं आणि बोटं दाखवून उत्तरही तेच देतं. वजाबाकी हा शब्द कुणी उच्चारलेला नसतो. येशूच्या जन्माचा देखावा म्हणून घरी छोटा गोठा मांडतात, त्यातल्या हिरवळीसाठी नाताळच्या दहाबारा दिवस आधी ताटलीत नाचणी नाहीतर गहू पेरतात, घटाला पेरतात तसेच. सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि मूल बोटाने माती उकरून बघतं. उकरू दे. त्याच्यासाठी एक वेगळी वाटी पेरून ठेवा, म्हणजे ताटली वाचते. गोठा मांडताना मेंढरं आत, मेंढपाळ दाराशी, बाळाला भेटायला निघालेले तीन राजे अजून लांब. ते रोज थोडे पुढे सरकतात आणि ६ जानेवारीला पोचतात. बाळ येशू मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत कपाटात. वर्गभर पोरांत झोपाळ्यावर आपली पाळी येईपर्यंत रडू न येणं ही बालवर्गातली मोठी परीक्षा, ताई. एबीसीडी तर बाई शिकवतीलच, पगार त्याचाच घेतात.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आमच्याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडला नेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? मग शंखशिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली.

प्रवेशाच्या मुलाखतीबद्दलची तुमची धास्ती मात्र खोटी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला मनाई केली आहे, तरी 'नुसत्या गप्पा मारतो' म्हणत प्रश्न विचारणाऱ्या शाळा आहेतच. पण तिथे मुलं अडकतात ती बहुधा अक्षरांवर नाही. आईच्या ओढणीमागे लपतात आणि तोंडच उघडत नाहीत. आमच्याकडे नाताळला फराळाची ताटं शेजारी जातात. एखादं लहानसं ताट मुलाच्या हाती द्या. जिना सांभाळून उतरायचा, बेल वाजवायची, शुभेच्छा द्यायच्या, काकूंनी विचारलेल्याला उत्तर द्यायचं नि रिकामं ताट घेऊन परत यायचं. तुम्ही जिन्यातच थांबा.

राहिलं सणाचा अभ्यास केल्याचं. सांताच्या टोपीवरचे गोंडे मोजून गोल करा, अशा छापील कागदांचा ढीग हल्ली फिरतो, त्याला माझाही हात जोडून नमस्कार. मी सांगितलेली कामं घरात व्हायचीच असतात. मुलाला फक्त पाटाशेजारी जागा द्यायची. त्यात 'किती झाले सांग बघू, कुठला रंग हा?' सुरू केलंत की तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा. तीन कुलकुल वळून मूल उठून गेलं तर जाऊ द्या, उरलेले आपण वळायचे.

तुमच्याकडे नाताळ नसतो आणि अंडंही चालत नाही, असं लिहिलंत. नाताळच हवा असं नाही, दिवाळीतले शंकरपाळे नि अंगणातला किल्लाही चालेल. आणि कुलकुल करून बघायचेच असतील तर अंडं लागतच नाही. मैद्यात थोडा रवा, चिमूटभर मीठ, चवीपुरती पिठीसाखर, तुपाचं मोहन घाला आणि नारळाच्या दुधात घट्ट भिजवा. अर्धा तास झाकून ठेवा. तळणीजवळ मात्र मुलाला येऊ देऊ नका.