सक्तमजुरी आणि तिचा मोबदला

कळंबा मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून आपण कोल्हापूरकरांनी श्रद्धेने घरी नेलेले आहेत. अशा कामासाठी बंद्याला दिवसाकाठी काय मिळते, याची चौकशी मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी केली असेल. २०२३ मधील दरवाढीनंतर राज्यातील कारागृहांत कुशल बंद्याची रोजची मजुरी ७४ रुपये, तर अकुशल बंद्याची ५३ रुपये झाली. सुतारकाम, विणकाम, शिवणकाम ही कामे बाहेर करणाऱ्याला कायद्याने मिळणारे किमान वेतन याच्या कित्येक पट आहे.

सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याकडून काम करून घेणे मला अन्याय्य वाटत नाही. माणसाला वर्षानुवर्षे बराकीत रिकामे बसवून ठेवण्यात कोणाचेच हित नाही. माझा आक्षेप मोबदल्याबाबत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले, की अशा बंद्याला त्याच्या इच्छेविरुद्धही कामाला लावता येईल, परंतु त्याला न्याय्य वेतन दिलेच पाहिजे, आणि त्यातील काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी वेगळा काढण्याची तरतूद राज्यांनी कायद्याने करावी. पीडितांचा कैवार घेऊन बंद्यांच्या वेतनवाढीला विरोध करणाऱ्यांनी या शेवटच्या मुद्द्याकडे लक्ष द्यावे, कारण ५३ रुपयांतून कोणाला काय भरपाई देणार?

“सरकार त्यांना फुकट पोसते, वर पगार कशाला?” हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. पण साधी कैद भोगणाऱ्यालाही सरकार जेवण देते, आणि अजून गुन्हा सिद्ध न झालेल्या कच्च्या कैद्यालाही देते. त्या दोघांवर कामाची सक्ती नाही. म्हणजे जेवणाचा खर्च सरकारवर येतो तो माणसाला डांबून ठेवल्यामुळे, आणि त्याच्या श्रमाची किंमत ही त्याहून वेगळी बाब आहे. तरीही खर्च वजा करायचाच असेल, तर आधी पूर्ण वेतन मांडावे, कपात दाखवावी आणि तो हिशेब बंद्याच्या हाती द्यावा.

शिक्षा एकाला होते, पण कमावता माणूस आत गेला की घरभाडे, मुलांची फी, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी हा सगळा भार घरातल्या बाईवर पडतो, आणि तिने तर कोणताही गुन्हा केलेला नसतो. सुटकेनंतरचे दिवसही याच पैशांवर अवलंबून असतात. आत विणकाम शिकलेला माणूस उद्या इचलकरंजीत मागावर काम मागायला जाईल, पण पहिला पगार हाती येईपर्यंत राहायचे कुठे आणि खायचे काय, यासाठी त्याच्या गाठीला काही रक्कम असावी लागते. ती नसेल तर जुनी संगत त्याला पुन्हा ओढून घेते.

काम कोणाला कोणते द्यायचे, हाही न्यायाचाच भाग आहे. बंद्यांना जातीनुसार कामे वाटून देणारे अनेक राज्यांच्या नियमावल्यांतील नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी, घटनाबाह्य ठरवले, याची मला लाज वाटते.

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात वेठबिगारी बंद केली आणि गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींची हजेरी थांबवून त्यांना नोकऱ्या दिल्या. त्या कोल्हापुरातून आपल्या आमदारांनी विधिमंडळात दोन मागण्या कराव्यात, असे मला मनापासून वाटते: बंद्यांचे वेतन किमान वेतनाशी कायद्याने जोडावे, आणि त्यातून किती रक्कम घरी, किती पीडितांना व किती बंद्याच्या स्वतःच्या खात्यात जाईल, हे त्याच कायद्यात लिहावे.