घरी केलायस? का?

सोसायटीच्या खजिनदारकाकांनी काल संध्याकाळी माझ्या आकाशकंदिलाला ‘नॉन-स्टँडर्ड’ ठरवलं. कमिटीचा ठराव झालाय म्हणे. यंदा सगळ्या गॅलऱ्यांत एकाच रंगाचे, एकाच आकाराचे कंदील लागणार. घरटी २५० रुपये. ज्यांना वेगळा लावायचाय त्यांनी तो घराच्या आत लावावा. कारण बिल्डिंगचं एलेव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, बिघडतं.

या एलेव्हेशनवर सध्या काय काय आहे ते सांगते. दुसऱ्या मजल्यावर जूनमध्ये बांधलेली निळी ताडपत्री आहे, ती अजून सोडलेली नाही. एसीची यंत्रं ज्याला जिथे सुचलं तिथे लटकली आहेत आणि त्यातल्या एकाचं पाणी खालच्यांच्या तुळशीत पडतं. तिसऱ्या मजल्यावर बाराही महिने बनियन वाळत असतात. हे सगळं चालतं. बिघडवणार तो माझा कंदील.

काका पावतीपुस्तक काखेत धरून दारात उभे होते. वन आरकेमध्ये दार उघडलं की सगळं घर दिसतं, त्यामुळे टेबलावर वाळत ठेवलेला कंदीलही दिसला.

“घरी केलायस?”

“हो काका.”

ते जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून, घरात कुणी आजारी असल्यासारखं विचारलं, “का?”

याला काय उत्तर देणार? मी म्हटलं, आवडतं. ते त्यांना पटलं नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी खरा प्रश्न काढला. “किती पडले?”

हाताने काही केलेलं दिसलं की लोकांना हा प्रश्न पडतोच. मीही चिडून सगळा हिशेब मांडला. बांबूच्या सहा फुटी कामट्या चार. काड्या लागतात चोवीस, प्रत्येकी साडेआठ इंचांची. दोन्ही टोकांना पाव-पाव इंच सोडून गाठ मारायची, म्हणजे धरायला आठ इंच उरतात. एका कामटीतून आठ काड्या निघतात, त्यामुळे तीन कामट्यांत चोवीस होतात. पेर, म्हणजे बांबूचा सांधा, काडीच्या टोकाशी आलं की तिथे काडी तडकते किंवा गाठ नीट बसत नाही, म्हणून टोकं पेरावर येणार नाहीत अशा बेताने कापायचं. बुरुडाकडून वाळलेल्याच कामट्या घ्यायच्या. ओला बांबू सुकताना आकसतो आणि आज घट्ट वाटलेल्या गाठी आठवड्याने खुळखुळतात.

“आणि चौथी?”

“कर्णांसाठी.”

“कुणासाठी?”

आता समजावणं भाग होतं. पारंपरिक कंदील म्हणजे सहा चौकोन. आधी ते सुटे बांधायचे. मग चार चौकोन टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा जोडत गोल करायचे, एक चौकोन वर आडवा आणि एक खाली. मधल्या फटीत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी काडी लागत नाही. एवढं झालं की सांगाडा उभा राहतो, आणि हात काढला की पिळवटून बसतो. गाठी सैल असोत की घट्ट, बसतोच. त्रिकोण हलत नाही, पण चौकोन हलतो, आणि इथे सहा चौकोन आहेत. बकमिन्स्टर फुलर नावाच्या अमेरिकन रचनाकाराने नेमक्या याच सांगाड्याच्या पिळून मिटण्याला जिटरबग या नाचाचं नाव दिलं होतं. आमच्याकडे या नाचाला “अगं धर, धर!” म्हणतात. उपाय एकच, प्रत्येक चौकोनात एक कर्ण बांधायचा. जवळजवळ बारा इंचांच्या सहा काड्या. सहा फुटी कामटी त्यांना घासूनपुसून पुरते. हे कर्ण निम्म्या जाडीचे तासायचे, नाहीतर दिवा लावल्यावर कागदावर जाड सावली पडते. वरच्या चौकोनातला मात्र जाडच ठेवायचा, कारण बल्बचा होल्डर त्यालाच टांगायचा असतो.

काकांनी एवढं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून स्टीलची टेप काढली. खजिनदाराच्या खिशात टेप का असते हे मी विचारलं नाही. त्यांनी कंदील मापला.

“हा सोळा इंच भरतोय.”

“हो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.”

“तू तर आठ इंच म्हणालीस.”

“काडी आठ इंचांची आहे, काका. कंदील काडीच्या दुप्पट रुंद होतो.”

“मग आधी सांगायचं ना!” ते म्हणाले. जणू वर्गणी इंचावर होती.

सांगायची खरी गोष्ट तीच आहे, पण ती कुणी सांगत नाही. लहान घरात लहान काडी घ्यावी. आठ इंची काडीचा कंदील कंबरेत सोळा इंच आणि उंचीला सव्वाअकरा इंच होतो. पाच इंची काडी घेतली तर दहा आणि सात. वन आरकेला पाच इंच भरपूर झाले, आणि त्याला कामट्याही लागत नाहीत. खराट्याच्या जाड काड्या चालतात. मी आठ इंच घेतले होते कारण कंदील गॅलरीत लागणार होता. तेव्हा एलेव्हेशनचा शोध लागायचा होता.

“कागद कसला?” काका आत आले होते. चप्पल बाहेर, पावतीपुस्तक टेबलावर, अगदी ओल्या खळीशेजारी.

पतंगाचा. वीस बाय तीस इंचांचा ताव. वर आणि खाली कागद नसतो, तेव्हा बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण एवढंच मढवायचं. चौकोन नऊ इंचांचे कापायचे, म्हणजे चहूबाजूंनी अर्धा इंच मुडपायला मिळतो. एका तावात सहा बसतात. त्रिकोणाला मात्र हाच हिशेब लावून नऊ इंच कापाल तर कागद तोकडा पडेल. टोकं निमुळती असल्यामुळे अर्धा इंच सुटावा म्हणून बाजू पावणेदहा इंचांची धरावी लागते. एक उलट, एक सुलट मांडले तर एका तावात दहा त्रिकोण निघतात. आठ लागतात, दोन फाटायला ठेवायचे. फाटतातच. झिरमिळ्यांसाठी वेगळा ताव. खालच्या चौकोनाचा घेर बत्तीस इंच आणि ताव तीस इंचांचा. हे दोन इंच दर वर्षी कमी पडतात आणि त्यासाठी अख्खा चौथा ताव आणावा लागतो. कागदवाल्यांचं हे कारस्थान असावं.

खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. पतंगाचा कागद ओला झाला की बोटाला चिकटून येतो. आणि चिकटवताना ताणायचा नाही. नुसता सपाट बसवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग फवाऱ्याने दुरून धुक्याइतकं पाणी मारायचं. सुकताना कागद आकसतो आणि आपणहून ताठ होतो. आधीच ताणून लावलेला असेल तर याच वेळी टर्रकन फाटतो. स्वस्त तावाचा रंगही सुटतो, म्हणून एक तुकडा आधी भिजवून बघायचा. हे सगळं पंखा बंद ठेवून करायचं. ऑक्टोबरमध्ये. दहा बाय बाराच्या खोलीत. हाताने केलेल्या वस्तूत प्रेम असतं म्हणणाऱ्यांनी एकदा पंखा बंद करून बसावं.

तोवर काकांनी मनातल्या मनात बेरीज केली होती. कामट्या, ताव, दोरा, कडेची सोनेरी बेगड मिळून शंभर-सव्वाशे. होल्डर आणि वायर वेगळी. “आणि तुझा वेळ धरला तर,” त्यांनी डोळे मिटले, “हा बाराशेच्या खाली जात नाही.” मग डोळे उघडून म्हणाले, “आणि आमचा अडीचशेला आहे.”

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. माझा वेळ धरायचा तर ठरावावर वाद घालण्यात गेलेला कमिटीचा वेळही धरा. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तिच्यात सजावटीचं थर्माकोलही गेलं. तेव्हा याच कमिटीने पर्यावरणपूरक गणपतीचं पत्रक घरोघर वाटलं होतं. आणि आता अडीचशेचा जो येणार आहे तो प्लास्टिकचा, घडीचा, जिथे दुमडतो तिथेच दुसऱ्या वर्षी फाटणारा. घरी केलेल्याचं कौतुक स्पर्धेत असतं, शाळेत असतं, फोटोत असतं. दारात पावतीपुस्तक आलं की तोच हौशीचा खर्च होतो. मी यातलं काही बोलले नाही, कारण काकांचं लक्ष पडद्याकडे गेलं होतं.

“साडी ना ही?”

हो, साडीच. साडेपाच मीटरची सुती साडी, मधून आडवी कापून सात-सात फुटी दोन पडदे. वरखालच्या दुमडीसकट प्रत्येकाला दोन मीटर तीस लागतात. काठ आपोआप उभ्या कडांवर येतात, तिथे शिवायला लागत नाही. उरलेल्या तुकड्यात उशांचे अभ्रे. हे मी सांगणार तोच ते म्हणाले, “आमच्या हिनेही केलेले. मग घर जरा बरं झालं तेव्हा काढले.”

घर बरं झालं.

मी विषय बदलून विचारलं, मग आता हा लावू कुठे? या बाबतीत ते उत्साही निघाले. छताला टेप लावून त्यांनीच मापं घेतली. छत नऊ फुटांवर. दोरी सहा इंच, कंदील सव्वाअकरा, झिरमिळ्या वीस. म्हणजे झिरमिळ्यांचं टोक जमिनीपासून जेमतेम पाच फूट अकरा इंचांवर. चालत्या जागेत नकोच. दिवाणावर टांगला तर खाली कुणी उभं राहत नाही, तिथे चालेल. पण पंख्याच्या वाऱ्यात कंदील एका दिशेने फिरत राहतो, वायरला पीळ बसतो आणि मग उलटा फिरतो. म्हणून एका दोरीऐवजी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन दोऱ्या घ्यायच्या आणि छतालाही त्या दोन हुकांवर, एकमेकींपासून लांब, बांधायच्या. फिरणं थांबतं. बल्ब पाच वॉटचा एलईडी पुरे, पण पिवळसर, २७०० केल्विनचा. निळसर पांढऱ्या प्रकाशात तांबडा कागद विटकरी, मेल्यासारखा दिसतो. बल्ब बरोबर मध्ये आला पाहिजे, वरचा चौकोन उघडाच ठेवायचा. आणि त्रिपुरी पौर्णिमेनंतर ओल्या फडक्याने कागद सोडवून सहाही कर्ण कापले, की तोच वैतागवाणा नाच कामाला येतो. सांगाडा पिळून मिटतो आणि दिवाणाखाली जातो.

“म्हणजे फोल्डिंगच आहे की,” काका म्हणाले. संध्याकाळभरात त्यांच्या तोंडून निघालेला हा एकमेव कौतुकाचा शब्द. मग त्यांनी पावती फाडली. कंदील, एक नग, २५०. मी म्हटलं, मी तर आत लावतेय, मग वर्गणी कसली? तर बाहेर त्यांचाही लावायचा. सक्तीने. बल्ब आपला.

पैसे मोजून घेताना त्यांची नजर वाटीवर पडली. “डिंक का हा?”

खळ, म्हटलं. दोन मोठे चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळी राहणार नाही असा कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, दुधाळपणा जाऊन काचेसारखी झाली की उतरवायची आणि फडक्यातून गाळायची. गार झाल्यावर प्लास्टिकच्या वाटीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. धातूच्या भांड्यात घालायचा नाही, आणि ही वाटी परत स्वयंपाकात घ्यायची नाही, विष आहे. पण तो नसला तर झुरळं रात्रीत सगळ्या कडा कुरतडतात.

“धरते चांगली?”

“कागदाला उत्तम.”

“मग उरलेली दे थोडी,” काका म्हणाले. “टाचण्या संपल्यात ऑफिसातल्या. नोटीस बोर्डावर ठराव चिकटवायचाय.”

दिली. आता तो ठराव झुरळंसुद्धा खाणार नाहीत.